आधीच लागलेला डाव

नवख्या गुंतवणूकदारासाठी लिहिलेल्या जवळपास प्रत्येक मार्गदर्शनात एक हिशेब हमखास सापडतो. शंभरातून वय वजा करायचं आणि उरतील तेवढे टक्के पैसे शेअर्समध्ये घालायचे. वय २३ असेल तर ७७ टक्के. कारणही पटण्याजोगं असतं. तरुणपणी जोखीम झेपते, बाजार पडला तरी सावरायला पुढे तीस-पस्तीस वर्षं असतात. पुण्यात किंवा ठाण्यात नोकरी करणाऱ्या पोराला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. त्याचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो आणि जून कोरडा गेला म्हणून तो कुणी कापत नाही.

हाच हिशेब यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात आणून ठेवला की गडबड होते. इथल्या तेवीस वर्षांच्या पोराने आजवर एकही शेअर घेतलेला नसेल, डीमॅट खातं कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नसेल, तरी गुंतवणूकदार म्हणून त्याची पाटी कोरी नाही. घरची पाच एकर कोरडवाहू कपाशी ही भलीमोठी गुंतवणूकच आहे. ती सगळी एका मालात आहे, एका पावसावर आहे आणि बहुधा कर्ज काढून केलेली आहे. कुणी शेअर बाजारात अशी मांडणी केली तर सल्लागार कपाळाला हात लावेल. अशा घरातल्या पोराला "तू तरुण आहेस, अजून जोखीम घे" म्हणून सांगण्यात कसला आला शहाणपणा? माझं म्हणणं असं की मारेगावच्या पोराचा पहिला पोर्टफोलिओ वयावरून ठरवू नये. त्याच्या घराचा डाव आधीच किती नि कुठे लागलेला आहे, त्यावरून ठरवावा.

आकडे मांडून पाहू. ते उदाहरणादाखल आहेत, पण या पट्ट्यात कुणाला परके वाटू नयेत. पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरले तर २५ क्विंटल कापूस. साडेसात हजारांचा भाव मिळाला तर १ लाख ८७ हजार ५०० रुपये येतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरण जातं आणि शेवटी वेचाई. वेचाई किलोमागे दहा रुपये म्हटली तरी तिचेच २५ हजार. सगळा खर्च एकरी साडेबावीस हजार धरला, तर सारं नीट जमून आलेल्या वर्षी घरात ७५ हजार उरतात. आता भाव क्विंटलमागे दीड हजाराने उतरला, तर त्यातले साडेसदतीस हजार गेले. बोंडअळीने किंवा परतीच्या पावसाने एकरी दीड क्विंटल नेला तर आणखी पन्नासेक हजार. म्हणजे वर्ष तोट्यात.

आता समजा, या पोराने मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात किंवा वणीकडच्या कोळसा खाणींवर एखाद्या ठेकेदाराकडे काम करून १५ हजार रुपये बाजूला टाकले आहेत. ते शेअर्समध्ये घातले आणि १२ टक्के मिळाले, जे काही दरसाल मिळत नाहीत, तर वर्षाला अठराशे रुपये. घराचा हेलकावा साडेसदतीस हजारांचा आणि कमाई अठराशेची! वाढीच्या दृष्टीने हे पंधरा हजार आज कुठेही टाकले तरी फारसा फरक पडत नाही. मग ते करतात काय, हा प्रश्न नोव्हेंबरात विचारावा.

दसरा-दिवाळीच्या मागेपुढे पहिला वेचा घरात येतो. कापूस ओलसर असतो. वेचणाऱ्या बायांचे पैसे आठवडी बाजाराच्या आत द्यावे लागतात, कारण त्यांचाही किराणा त्याच बाजारात भरायचा असतो. कृषी केंद्राची जूनपासूनची उधारी डोक्यावर असते. अशात खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात उभा राहतो. काटा त्याचा, भाव त्याचा, पण नोटा रोख. दुसरा रस्ता भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्राचा. तिथे २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. पण त्यासाठी आधी नोंदणी करा, पाळी येण्याची वाट पाहा, कापूस वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा (८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होतेच) आणि मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा व्हायची वाट पाहा. त्या हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं होतं, आणि खुल्या बाजारातला भाव हमीभावाच्या बराच खाली रेंगाळला.

हा फरक क्विंटलला हजार रुपये धरा. पहिल्या वेच्याचा आठ क्विंटल कापूस दारातच विकावा लागला तर आठ हजारांचं नुकसान. तो विकावा लागला, कारण वेचाईचे आठ हजार रुपये त्या आठवड्यात हातात नव्हते. पोराच्या बचत खात्यात ते असते तर बायांचे पैसे चुकते झाले असते, कापूस वाळला असता आणि सीसीआयच्या केंद्रावर गेला असता. बचत खात्यावर बँक अडीच-तीन टक्के व्याज देते म्हणून अर्थसाक्षर मंडळी त्याची टिंगल करतात. पण या घरात बचत खात्यातल्या पंधरा हजारांनी दोन महिन्यांत आठ हजार वाचवले असते. एवढा परतावा कुठल्या म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात सापडायचा नाही. म्हणून माझ्या मते मारेगावातला पहिला पोर्टफोलिओ म्हणजे एका हंगामाची वेचाई, रोख.

यावर कुणी म्हणेल, थांबायची ताकद आली की माणूस थांबतच राहतो. खरं आहे, आणि विदर्भाने ते भोगलं आहे. २०२२ च्या पूर्वार्धात कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडला, काही ठिकाणी बारा हजारांच्या पुढेही गेला. पुढच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये भाव नऊ हजारांच्या आसपास होता, आणि गावोगाव लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. एवढ्यात कशाला विकायचा, बारा होऊ दे. माजघरात, ओसरीवर, झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस. उन्हाळा लागला तशी त्यात किडे झाले, घरातल्या लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि जूनच्या पेरणीसाठी तोच कापूस सात हजारांच्या आसपास काढावा लागला. एकदा पाहिलेला भाव मनात घर करतो आणि मग त्याखालचा प्रत्येक भाव फसवणूक वाटू लागतो. शेअर बाजारात नव्याने आलेला माणूस हेच करतो. पाचशेला घेतलेला शेअर तीनशेवर आला की "पाचशे झाल्याबिगर इकत नाही". बाजाराला त्याच्या पाचशेचं काही देणंघेणं नसतं. ज्या घरात २०२३ च्या उन्हाळ्यात कापूस होता, त्या घरातल्या पोराला हा धडा पुस्तकातून शिकवायची गरज नाही. सीसीआयच्या पैशासाठी थांबणं ही एक गोष्ट आणि बारा हजारांसाठी थांबणं ही दुसरी, एवढी फोड मात्र त्याने करून घ्यावी. पहिल्यात भाव जाहीर झालेला आहे, दुसऱ्यात फक्त आठवण आहे.

यानंतर कर्ज. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. ते फेडायची घाई करायचं कारण नाही, मुदत मात्र चुकवू नये. पण बँकेचं दार बंद झालं की माणूस जिथे जातो तिथला दर शेकड्यात बोलतात. तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. पाच रुपये शेकडा म्हणजे साठ. हे कर्ज अंगावर असताना फंडात दरमहा हप्ता (एसआयपी) सुरू करणाऱ्याला साधं गणित येत नाही असं म्हणावं लागेल, मग तो कितीही पॉडकास्ट ऐकत असो. छत्तीस टक्क्यांचं कर्ज फेडणं ही छत्तीस टक्के हमखास देणारी गुंतवणूक आहे, आणि तिच्यावर करही लागत नाही.

कर्जमाफीने या गणिताचा जरा विचका केला, हेही नोंदवायला हवं. २००८, २०१७, २०१९ अशा तीन मोठ्या माफ्या पाहिलेल्या घरात नियमाने भरणारा मूर्ख ठरतो. बाप "थांब, माफी होईन" म्हणतो तेव्हा तो अडाणीपणाने बोलत नसतो, अनुभवाने बोलत असतो. फक्त माफी बँकेच्या कर्जाला लागते. शेकड्याच्या कर्जाला या तिन्हींतली एकही लागली नाही.

पैसे सुरक्षित कुठे ठेवायचे, यातही जिल्ह्याने किंमत मोजली आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. ठेव विम्यामुळे सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकणार होती, कारण त्यांच्या ठेवी पाच लाखांच्या आत होत्या. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत फक्त एक लाख होती. बाकीच्यांत निवृत्तीची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारे किती असतील, याची कल्पना करता येते. शिवाय गावातली पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा लागूच होत नाही. संचालक ओळखीचे आहेत, एक टक्का जास्त देतात, एवढ्यावर लोक ठेव ठेवतात. ओळखीचा माणूस ही जोखीम कमी असल्याची खूण नाही. विदर्भात बुडालेले बहुतेक पैसे ओळखीच्याच हातांतून गेले आहेत.

आता शेअर्सकडे येतो, आणि इथे माझ्या म्हणण्याला एक वळण आहे. इतका वेळ मी जोखमीविरुद्ध बोलत आलो. तरीही मला वाटतं की वेचाईचे पैसे साठले, शेकड्याचं कर्ज फिटलं, ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा नि २० रुपयांचा अपघात विमा काढून झाला, की मारेगावच्या पोराला शेअर्सची गरज पुण्याच्या पोरापेक्षा जास्त आहे.

हॅरी मार्कोविट्झ नावाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये एक निबंध छापला. १९९० मध्ये त्याला नोबेल मिळालं ते त्या कामासाठी. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: एखादी गुंतवणूक एकटी किती धोक्याची आहे हे पाहू नका, ती तुमच्या बाकीच्या गुंतवणुकींबरोबर एकाच वेळी पडते की वेगळ्या वेळी, ते पाहा. कपाशीत तुरीचे तास टाकणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला यातला अर्धा भाग कुणी न शिकवता माहीत होता. कपाशी गेली तर तूर आहे. पण कपाशी, तूर आणि सोयाबीन तिन्ही एकाच आभाळाकडे पाहतात. पावसाने दगा दिला की तिन्ही एकदमच बसतात. पोराने बाहेर पडून शेतमालाच्या गाडीचा धंदा केला, कृषी केंद्र टाकलं किंवा गावातच ट्रॅक्टर भाड्याने फिरवला, तरी त्याचं गिऱ्हाईक त्याच पावसावर जगतं. मारेगावात उभं राहून मारेगावच्या पावसापासून सुटायचं, तर दुसऱ्या गावचं, दुसऱ्या धंद्याचं काहीतरी हाती हवं. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निफ्टी इंडेक्स फंड हे त्याचं सर्वांत स्वस्त रूप. बँका, सॉफ्टवेअर, औषधं, मोटारी. वणी तालुक्यात अतिवृष्टी झाली म्हणून यांतलं काही पडत नाही.

अर्थात ते दुसऱ्या कारणांनी पडतं, आणि जोरात पडतं. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर आला. २००८ ची पडझड याहून खोल होती. सेन्सेक्स वीस हजारांवरून वर्षभरात आठ-नऊ हजारांच्या घरात आला. म्हणून यात घालायचे ते पैसे सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच. पेरणीचे, वेचाईचे, बहिणीच्या लग्नाचे नव्हेत. दरमहा ठराविक हप्त्याचा आग्रहही इथे धरू नये. शेतीतला पैसा नोव्हेंबर ते मार्च येतो आणि जून ते सप्टेंबर जातो. जूनमध्ये हप्ता खात्यातून कापला जाणार म्हणून युरियासाठी उधारी करायची, यात कसली आलीय शिस्त? कापूस विकला की त्यातले दोन-तीन हजार वर्षातून दोनदा टाकावेत. पाचशे-हजाराने सुरुवात होते, २५० रुपयांची छोटी एसआयपीही आता आहे. फंडाची 'डायरेक्ट' योजना घ्यावी. ती १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात मध्यस्थाचं कमिशन जात नाही.

याच तर्काने आणखी एक मोह टाळावा लागतो. वणीच्या बाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, ट्रक रात्रंदिवस धावताना दिसतात. त्यामुळे पहिला शेअर म्हणून कोल इंडियाचं नाव सहज तोंडी येतं. २०१० मध्ये २४५ रुपयांना विकलेला हा शेअर २०२० मध्ये दीडशेच्याही खाली होता आणि २०२४ मध्ये पाचशेच्या वर गेला. मधल्या काळात त्याने लाभांश चांगला दिला. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याची मजुरी कोळशावर, ज्याच्या मामाचा हायवा कोळशावर, त्याने बचतही कोळशावर टाकावी का?

वायदे आणि ऑप्शन्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद घालण्यासारखं फार उरलेलं नाही. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत या खेळात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. खेळात उतरलेल्यांतले ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. समोरच्या बाजूला संगणकाकडून सौदे करून घेणाऱ्या मोठ्या संस्था होत्या, आणि त्या कमावून गेल्या. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सव्वानऊ वाजता मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं आता तालुक्याच्या प्रत्येक गावी दिसतात. ती आळशी नाहीत, बहुतेक पदवीधर आहेत, पोलीस भरतीत दोनदा मैदान मारून आलेली. त्यांना काम नाही, आणि मोबाइल कामाचा आभास देतो.

दोन आक्षेप उरतात. पहिला शेतकरी बापाचा: शेअर कशाला, विहीर खोद. हा आक्षेप मला शेअरवाल्यांच्या बऱ्याच सल्ल्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतो. विहीर ही विरळी गुंतवणूक आहे. चांगल्या पावसाच्या साली ती फारसं काही देत नाही. ऑगस्टमध्ये वीस दिवसांची उघडीप पडली आणि बोंडं गळायला लागली की तेव्हाच ती देते. बाकी सगळं पडतं तेव्हा ती उभी राहते. मार्कोविट्झला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पाणी लागेल याची खात्री नसते, पण सरकारी अनुदानातून होत असेल तर इंडेक्स फंड थांबू शकतो. दुसरा आक्षेप आईचा: सोनं. इथेही मी आईच्या बाजूने आहे. जूनमध्ये तारण पडून जानेवारीत सुटणारी पोत या घराला वर्षानुवर्षं सावकारापासून वाचवत आली आहे. ती मोडून फंड घ्यायला सांगणाऱ्याला पेरणी माहीत नाही. नवं सोनं मात्र हौसेच्या हिशेबात धरावं. घडणावळ परत मिळत नाही.

पोस्टातल्या पीपीएफबद्दल एक गोष्ट या भागात मुद्दाम सांगायला हवी. १५ वर्षांची मुदत ऐकून पोरं तोंड फिरवतात. पण खातेदाराच्या कर्जापोटी कोर्टाच्या हुकमानेही या खात्यातल्या पैशांवर जप्ती आणता येत नाही. ज्या घरी बोजा सातबाऱ्यावर चढतो-उतरतो, तिथे ७.१ टक्के व्याजापेक्षा ही तरतूद मोठी. वर्षाला पाचशे रुपये भरून खातं जिवंत ठेवता येतं. ठेकेदारीत काम करणाऱ्याचा पीएफही असाच. दर ठेका बदलला की तो काढून मोबाइल घेतला जातो. पीएफचा खाते क्रमांक (यूएएन) तोच ठेवून रक्कम पुढे नेली तर सव्वाआठ टक्के देणारा कर्जरोख्यांचा पोर्टफोलिओ आयताच तयार असतो.

आतापर्यंत मी पोरगा पोरगा म्हणत आलो, कारण शेत त्याच्याकडे येणार हे सगळे गृहीत धरतात. त्याच घरातली मुलगी नर्सिंग करून सावंगी किंवा नागपूरच्या दवाखान्यात नोकरीला लागली असेल, तर माझा सगळा हिशेब उलटा होतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित शेतात तिचा हिस्सा भावाइतकाच आहे, पण लग्नानंतर एक दिवस तिला तहसीलला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. त्या सहीबरोबर कपाशी, पाऊस, बोंडअळी सगळंच तिच्या खात्यातून उतरतं. तिच्याकडे दरमहा पगार आहे आणि डाव कुठेच लागलेला नाही. या घरात शेअर्सचा मोठा वाटा झेपणारी तीच एकटी. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून भावाच्या विहिरीची कड्याबंदी होते. तिने पैसे द्यावेत, विहीर चांगली गुंतवणूक आहे हे मी वर म्हटलंच आहे. पण मग हक्कसोडपत्रावरची सही थांबवावी. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर होते, तिने दिलेल्या पैशांची कुठेच होत नाही.